ओडोंटॉइड फ्रॅक्चर: समोरून स्क्रू की मागून फ्यूजन? मानेचे वळणे वाचवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

धाकट्याचा दादा

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. नऊ दिवसांपूर्वी शिडीवरून तोल जाऊन तो पडला, कपाळ जमिनीवर आपटले आणि मान मागे ढकलली गेली. हातापायांतली ताकद, संवेदना आणि लघवीवरचा ताबा शाबूत आहे, एवढाच काय तो दिलासा. सीटी स्कॅनच्या अहवालात दुसऱ्या मणक्याच्या ओडोंटॉइडचे, म्हणजे त्या दातासारख्या सुळक्याचे, बुडाशी 'टाइप टू' फ्रॅक्चर असल्याचे लिहिले असून तुटलेला तुकडा ५ मिलिमीटर मागे सरकला आहे. सध्या तो कडक कॉलर लावून पडून आहे.

आम्ही दोन शल्यचिकित्सकांना भेटलो आणि दोन वेगळी मते घेऊन परतलो. पहिल्यांचे म्हणणे असे, की गळ्याच्या बाजूने, समोरून एक स्क्रू घालून तुटलेले हाड जोडावे, म्हणजे मान पूर्वीसारखी वळेल. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की मागून पहिला आणि दुसरा मणका स्क्रू-रॉडने बांधून त्यांचे फ्यूजन करावे, म्हणजे ते कायमचे एकजीव जोडावेत, कारण तो मार्ग खात्रीचा आहे आणि 'हालचाल थोडी कमी होते, पण माणसाला सवय होते'. ही 'थोडी' म्हणजे नेमकी किती, हे विचारल्यावर स्पष्ट उत्तर मिळाले नाही. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे मीही रेटून विचारले नाही, आणि आता त्याचीच चुटपुट लागून राहिली आहे.

माझा मुख्य प्रश्न असा, की वाचणारी हालचाल इतकी मोलाची आहे का, की तिच्यासाठी कमी खात्रीचा मार्ग पत्करावा? आणि या दोन मतांतून निवड करायची ती कोणत्या आधारावर? भावाला सिगारेटचे व्यसन आहे, हेही सांगून ठेवतो.

कणा-शल्यक

मी मणक्यांच्या शस्त्रक्रिया करतो. तुमच्या भावाचा स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे अमुकच करा असे सांगणार नाही. मात्र निवड कशावर ठरते ते सविस्तर सांगता येईल.

आधी 'थोडी' म्हणजे किती, ते पाहू. मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते आणि त्यातला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याचा असतो. पहिला मणका अंगठीसारखा आहे, दुसऱ्याचा सुळका त्या अंगठीत उभा असतो आणि एक आडवा अस्थिबंध त्याला मागून आवळून धरतो. 'नाही' म्हणताना आपण डोके हलवतो, तेव्हा ही अंगठी त्या सुळक्याभोवती फिरते. या दोन मणक्यांचे फ्यूजन केले, की हा अर्धा वाटा कायमचा जातो. खालचे मणके काही भरपाई करतात आणि तरुण माणसात ती बऱ्यापैकी होते, पण गेलेले सारे परत येत नाही. ज्यांनी 'थोडी' म्हटले, त्यांनी बहुधा वयस्कर रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून म्हटले असावे, कारण त्यांची मान आधीच कमी वळत असते आणि तफावत त्यांना तितकी जाणवत नाही. ३१ व्या वर्षी तो शब्द मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. समोरून घातलेला स्क्रू कोणताही सांधा बांधत नाही. तो दुसऱ्या मणक्याच्या धडातून निघून सुळक्याच्या टोकापर्यंत जातो आणि एकाच हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. म्हणूनच हालचाल वाचते. जपानमध्ये नाकानिशी आणि ऑस्ट्रियात बोलर यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. परंतु हे सारे हाड जुळले तरच खरे आहे. हाड जुळले नाही, तर वाचवलेली हालचाल धोक्याची ठरते, कारण सैल सुळक्याच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. तेव्हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून मांडतो: तुमच्या भावाच्या फ्रॅक्चरमध्ये स्क्रूने हाड जुळण्याची शक्यता चांगली आहे का?

हे मुख्यतः फटीच्या दिशेवरून कळते, आणि तुम्ही दिलेल्या अहवालात नेमकी तीच गोष्ट नाही. अँडरसन आणि डी'अलॉन्झो यांनी १९७४ साली केलेल्या वर्गीकरणात टोकाचे फ्रॅक्चर पहिल्या प्रकारात, बुडाशी असलेले दुसऱ्या आणि मणक्याच्या धडात उतरलेले तिसऱ्या प्रकारात मोडते. २००५ साली ग्रावर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकाराचे पुन्हा तीन भाग पाडले. फट समोरच्या बाजूला वर आणि मागच्या बाजूला खाली अशी उतरत असेल, तर खालून वर आणि किंचित मागे जाणारा स्क्रू तिला जवळपास काटकोनात छेदतो आणि आवळला की तुकडे घट्ट बसतात. फट उलट, म्हणजे समोर खाली आणि मागे वर अशी चढत असेल, तर स्क्रू तिच्याशी जवळजवळ समांतर जातो. तिरक्या कापलेल्या काठीचे दोन तुकडे लांबीच्या दिशेने दाबून पाहा, ते जुळण्याऐवजी एकमेकांवरून घसरतात; अगदी तेच इथे घडते. अशा फटीत समोरून स्क्रू घालण्याच्या भानगडीत मी पडत नाही. उरलेल्या भागात सरकणे नसलेली किंवा अगदी कमी असलेली फ्रॅक्चर येतात आणि तिथे अनेकदा शस्त्रक्रियेची गरजच नसते.

दुसरा मुद्दा आडव्या अस्थिबंधाचा. तो तुटलेला असेल, तर हाड उत्तम जुळूनही पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे सरकत राहतो, आणि मग फ्यूजन टाळता येत नाही. सीटीवर अस्थिबंध दिसत नाही, त्याच्या चिकटण्याच्या जागी हाडाचा टवका उडाला असेल तर तेवढा दिसतो. म्हणून एमआरआय हवा. तो झाला आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. बुडाशी चुरा झालेला असणे, हाडे ठिसूळ असणे, तुकडा जागेवर आणता न येणे, या सर्वांत समोरचा स्क्रू बाद होतो. छाती पिंपासारखी फुगीर आणि मान आखूड असेल, तर स्क्रूसाठी लागणारा कोनच मिळत नाही, छातीचे हाड आडवे येते. हे टेबलावर, कापण्यापूर्वी पाहता येते: रुग्णाच्या मानेलगत एक लांब तार ठेवायची, बाजूने सी-आर्मचे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी फिरवता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राचे, चित्र घ्यायचे आणि त्या रेषेत हात फिरायला जागा उरते का ते बघायचे. एका मिनिटाचे काम आहे, पण ते न केल्यामुळे अर्ध्या शस्त्रक्रियेत बेत बदलावा लागल्याचे मी पाहिले आहे.

वेळेचेही महत्त्व मोठे आहे. ॲफलबॉम आणि सहकाऱ्यांनी २००० साली १४७ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यात सहा महिन्यांच्या आतल्या फ्रॅक्चरांपैकी ८८ टक्के समोरच्या स्क्रूने जुळली, तर दीड वर्ष किंवा त्याहून जुनी केवळ २५ टक्के. तुमचा भाऊ नवव्या दिवशी आहे, म्हणजे घाईघाईने होकार देण्याची गरज नाही आणि महिने घालवण्याचीही सोय नाही. तुकडा मागे सरकलेला असणे आणि ५ मिलिमीटर सरकणे या दोन्ही गोष्टी नुसत्या कॉलरवर किंवा हॅलोवर (कवटीला पिनांनी बसवून छातीच्या जॅकेटला जोडलेल्या कड्यावर) हाड न जुळण्याच्या बाजूने जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा सल्ला दोघांनीही दिला यात मला नवल वाटत नाही. सिगारेट मात्र आजच बंद करायला सांगा. धूम्रपानाने हाड जुळायला अडथळा होतो, मग स्क्रू समोरून असो वा मागून.

मागचा आरसा

डॉक्टरांनी अंशांत सांगितले, ते रोजच्या जगण्यात कसे दिसते ते मी सांगू शकतो. सहा वर्षांपूर्वी, ३८ व्या वर्षी, माझे पहिल्या-दुसऱ्या मणक्यांचे फ्यूजन मागून झाले. माझ्या बाबतीत अस्थिबंध तुटलेला होता, त्यामुळे निवडीला वाव नव्हता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. हाड व्यवस्थित धरले. दुखणे म्हणाल तर थंडीत डोक्याच्या मागच्या भागात थोडा ताण येतो, एवढेच. तिथल्या कातडीचा एक पट्टा मात्र अजून बधिर आहे.

वळण्याचे असे आहे, की समोरचे आयुष्य काहीच बदलत नाही आणि बाजूचे सगळे बदलते. गाडी मागे घेताना मी पट्टा सोडून कंबरेतून वळतो. रस्ता ओलांडताना आधी पाऊल वळवतो, मग खांदे आणि शेवटी डोके. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचे झाले तर खुर्चीच तिरकी करावी लागते, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते ताठपणाचे लक्षण वाटते. पोटावर झोपणे संपले. सवय होते हे खरे आहे, पण ती सवय मानेला होत नाही, बाकीच्या अंगाला होते. वर्षभराने मला खालच्या मणक्यांतून थोडे जास्त वळता येऊ लागले, तेही खरे.

एक सूचना. दुसऱ्या शल्यचिकित्सकांना 'भीतीपोटी मोठी शस्त्रक्रिया सुचवणारे' असे मनात धरू नका. मी तसे धरले होते आणि नंतर एमआरआय पाहिल्यावर ओशाळलो.

छायावाचक

मी क्ष-किरण विभागात काम करते. फटीची दिशा अहवालात नसते ती अनेकदा कोणी विचारलेली नसते म्हणून. नव्या स्कॅनची गरज नाही. त्याच सीटीच्या उभ्या, बाजूने दिसणाऱ्या काटछेदांत ती स्पष्ट दिसते. तुम्ही सीडी घेऊन जा आणि 'फट समोरून मागे वर चढते की खाली उतरते, आणि बुडाशी चुरा आहे का' एवढे लेखी मागा.

त्याच वेळी व्हर्टिब्रल धमनीचा मार्ग तपासायला सांगा. ही धमनी दुसऱ्या मणक्यातून वर जाताना काही जणांत बरीच उंच आणि मध्याकडे असते, आणि मग मागून घालायच्या स्क्रूसाठी हाडाची फारच अरुंद पट्टी उरते. म्हणजे 'खात्रीचा' म्हटला जाणारा मार्गही प्रत्येकाच्या शरीरात सारखा सुरक्षित असेलच असे नाही. धमनीचे चित्र हवे असल्यास सीटी अँजिओग्राफी करावी लागेल.

तिसरी बाजू

मी याच क्षेत्रातला कनिष्ठ डॉक्टर आहे, म्हणून जरा बिचकतच लिहितो. समोरचा स्क्रू आणि मागचे फ्यूजन या दोनच वाटा आहेत असे चर्चेतून वाटते, पण मधली एक आहे. फट स्क्रूला प्रतिकूल असेल आणि अस्थिबंध शाबूत असेल, तर मागून पहिल्या व दुसऱ्या मणक्यात स्क्रू-रॉड घालायचे, परंतु हाडाचा कलम ठेवायचा नाही आणि सांध्याचे पृष्ठभाग खरवडायचे नाहीत. सुळका जुळल्याचे सीटीवर दिसले, की सगळे धातू काढून टाकायचे आणि सांधा मोकळा करायचा. आमच्याकडे हे काही तरुण रुग्णांत केले जाते.

असाच विचार शेजारच्या फ्रॅक्चरांतही आहे. पहिल्या मणक्याची अंगठी फुटते त्या जेफरसन फ्रॅक्चरमध्ये दोन्ही बाजूंच्या हाडांत स्क्रू घालून ते एका आडव्या रॉडने जवळ ओढले, की अंगठी जुळते आणि दुसरा मणका मोकळाच राहतो. दुसऱ्या मणक्याची मागची कमान तुटते त्या 'हँगमन' प्रकारात, खालची चकती शाबूत असेल तर, कमानीतून सरळ स्क्रू घालून तेवढेच हाड जोडता येते. चकती फाटलेली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांचे फ्यूजन करतात, पण त्यात वळणे फारसे जात नाही, कारण वळण्याचा मोठा सांधा त्याच्या वर आहे.

कणा-शल्यक

बिचकण्याचे कारण नाही, मुद्दा रास्त आहे आणि मीच तो मांडायला हवा होता. दोन गोष्टींची भर घालतो. धातू काढल्यावर वळणे परत येते ते बहुधा अंशतः. महिनोन्महिने बांधून ठेवलेला सांधा ताठरतो आणि क्वचित कलम न घालताही आपोआप जुळून बसतो. शिवाय रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया सोसावी लागते, आणि तीही मानेच्या मागच्या त्याच स्नायूंमधून. तरीही, ज्या तरुणाची फट उलटी आहे त्याला मी हा पर्याय सांगतो आणि निवड त्याच्यावर सोडतो. हँगमनबाबतही सहमत आहे. जेफरसनमध्ये मात्र आडवा अस्थिबंध मधोमध तुटलेला असेल, तर नुसती अंगठी जोडून भागते का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी स्वतः सावध राहतो.

लेकीचा प्रश्न

चर्चेत मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या वडिलांचे वय ८२ आहे आणि त्यांनाही हेच फ्रॅक्चर झाले आहे. त्यांच्या बाबतीतही हालचाल वाचवण्याचा विचार करावा का?

कणा-शल्यक

त्या वयात हिशेब निराळा असतो. हाड ठिसूळ असल्याने समोरचा स्क्रू निसटण्याची भीती जास्त असते, आणि समोरून अन्ननलिका बाजूला ओढावी लागत असल्याने वृद्धांना गिळण्याचा त्रास अधिक होतो. त्यातून अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणे ही खरी चिंता आहे. हॅलो तर या वयात मी शक्यतो टाळतोच. तब्येत साथ देत असेल तर मागून फ्यूजन आणि देत नसेल तर साधी कॉलर, या दोहोंतूनच बहुतेक निर्णय होतात. कॉलरवर कधी हाड पक्के जुळत नाही, मधे तंतूंचा घट्ट जोड तयार होतो, आणि तो हलत नसेल तर काही वृद्धांत तेवढ्यावर समाधान मानले जाते. वडिलांच्या स्कॅनसह वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

धाकट्याचा दादा

सर्वांचे मनापासून आभार. सीडी पुन्हा वाचून घेतली. फट समोर वर आणि मागे खाली अशी उतरते, चुरा नाही. एमआरआयमध्ये आडवा अस्थिबंध अखंड दिसतो. भाऊ शिडशिडीत आहे, मान लांब आहे. हे सारे कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले, की हे पाहता समोरचा स्क्रू योग्य आहे, मात्र ते स्वतः तो क्वचितच घालतात आणि म्हणून त्यांनी आपल्या हाताला सरावाचा मार्ग सुचवला होता. त्यांच्या या स्पष्टपणाचा मला आदर वाटला. शस्त्रक्रिया पहिल्या डॉक्टरांकडे परवा आहे. जाण्यापूर्वी आणखी काय विचारावे?

कणा-शल्यक

तीन गोष्टी विचारा. पहिली, तुकडा जागेवर आला नाही तर काय करणार, आणि त्यासाठी मागून शस्त्रक्रिया करण्याची संमती आधीच घेऊन ठेवणार का. भाऊ भुलीखाली असताना बाहेर तुमच्याकडून घाईने सही घेतली जाऊ नये.

दुसरी, दोन सी-आर्म एकाच वेळी लावणार का. या शस्त्रक्रियेत समोरून आणि बाजूने अशी दोन्ही चित्रे सतत लागतात. समोरच्या चित्रात सुळका दिसावा म्हणून क्ष-किरण आरपार जातील अशा वस्तूने रुग्णाचे तोंड उघडे ठेवतात आणि त्या उघड्या तोंडातून सुळका पडद्यावर पाहतात. एकच यंत्र आलटून-पालटून फिरवत कामही होते, पण स्क्रूला वाट दाखवणारी तार मिलिमीटरभर सरकली तर ते उशिरा कळते.

तिसरी, स्क्रू एक की दोन. एक पुरतो, दोन घातल्याने जुळण्याचे प्रमाण वाढते असे ठामपणे दिसून आलेले नाही, आणि बारीक सुळक्यात दुसऱ्याला जागाही नसते. खरे महत्त्व स्क्रूच्या सुरुवातीला आणि शेवटाला आहे. तो दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेवरून निघायला हवा. मणक्याच्या पुढच्या तोंडावरून निघाला तर पुढे कापत बाहेर येतो. आणि त्याचे टोक सुळक्याच्या माथ्याच्या कठीण थरात रुतायला हवे. आटे फक्त पुढच्या भागाला असतात आणि ते सगळे फटीच्या पलीकडे गेले तरच तुकडे जवळ ओढले जातात. एखादा आटा फटीतच राहिला तर स्क्रू उलट फट उघडी धरून ठेवतो. शस्त्रक्रियेनंतरच्या बाजूच्या क्ष-किरण चित्रात हे तुम्हालाही ओळखता येईल.

सांधेसेविका

मी भौतिकोपचार करते. शस्त्रक्रियेनंतर हालचाल वाचली आहे का हे पाहण्याची घाई घरचे लोक फार करतात, 'जरा वळवून दाखव' म्हणतात. हाड जुळल्याचे सीटीवर दिसून शल्यचिकित्सक परवानगी देईपर्यंत कोणीही हे करू नये आणि मानेला मालीश तर अजिबात नको. परवानगी मिळाल्यावर एक नेमकी तपासणी असते. हनुवटी छातीला टेकवून मान पूर्ण वाकवली, की खालचे मणके जवळपास अडकतात, आणि त्या स्थितीत डोके जेवढे वळते ते मुख्यत्वे पहिल्या-दुसऱ्या मणक्यांतून. निरोगी माणसात ते प्रत्येक बाजूला चाळीसेक अंश असते. ताठ बसून मोजलेला आकडा फसवा असतो, त्यात खालच्या मणक्यांची भरपाई मिसळलेली असते.

धाकट्याचा दादा

साडेतीन महिन्यांनी लिहीत आहे, कारण असे धागे अर्धवट सुटलेले वाचताना मला त्या दिवसांत फार त्रास झाला होता.

एक स्क्रू घातला गेला, तुकडा जागेवर आला, मागून जावे लागले नाही. पहिले दहा दिवस गिळताना दुखत होते, पातळ पदार्थांवर काढले. आवाज दोन आठवडे बसला होता, तो आपोआप सुटला. कॉलर बारा आठवडे होती. गेल्या आठवड्यातल्या सीटीत मागच्या बाजूने हाड पूर्ण जुळलेले दिसते, समोर मात्र केसाएवढी रेघ अजून आहे. ती भरून येईल असे डॉक्टर म्हणतात. परवानगी मिळाल्यावर भौतिकोपचारात हनुवटी छातीला टेकवून मोजले, तेव्हा उजवीकडे ३४ अंश भरले आणि डावीकडे २९. सिगारेट बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी.

कणा-शल्यक

आकडे समाधानकारक आहेत. डावी बाजू आणखी सुधारू शकते, ओढून-ताणून वळवू नका. समोरची रेघ मी शस्त्रक्रियेपासून सहा महिने पूर्ण होतील तेव्हा पुन्हा सीटीवर पाहीन, तोवर शिडी आणि दुचाकी दोन्ही बंद. आणि ते 'माझ्यासमोर तरी' एकदा तपासून घ्या.